एक मिनिटाचा उशीर

कुरणवाडीत पोचले तेव्हा दूधगंगा गुडघ्याएवढी,
इतकी गरीब
की म्हशीसुद्धा तिला जुमानत नव्हत्या.
मे महिना. बेळगावहून आणलेल्या टॅबलेटमध्ये प्रश्न कन्नडात,
माणसांची उत्तरं मराठीत,
आणि मध्ये मी, सोसायटीच्या बिनखिडकीच्या खोलीत,
हौदु किंवा इल्ला, एकावर बोट ठेवत.

भोंगा: आहे.
चालतो का? किल्ली मलगोंडाकडं,
मलगोंडा निपाणीच्या बाजाराला.
लाइफ जॅकेट: दिली बारा, खोलीत नऊ.
दोन ट्रॅक्टरच्या सीटवर, रस्त्याला खड्डे आहेत म्हणून.
एक घालून सुगंधाताईंचा पोरगा विहिरीत पोहायला शिकला.
याला वापर म्हणायचं की गैरवापर?
पर्याय दोनच होते.
दोरखंड: शंभर फूट. मोजला. ब्याऐंशी.
उरलेल्या अठराचं मी विचारलं नाही.
बाहेर एक वासरू
नव्याकोऱ्या दोरीनं बांधलेलं होतं.

‘पूर्वसूचनेचे साधन’ म्हटल्यावर
शौकत जमादारनं आपला फोनच पुढं केला.
आतेबहीण, कागलकडची.
तिच्या घाटाची चौथी पायरी बुडाली की ती मिस कॉल देते,
पाचवी बुडाली की बोलते.
“सा तास मिळत्यात बगा आमाला.
सरकारचा निरोप येतोय
तवर आमी वरच्या शाळंत च्या पीत असतोय.”
पाणी राज्य ओलांडून येतं,
त्याच्या आधी मिस कॉल.
याला रकाना नव्हता.
मी ‘इतर’मध्ये लिहिलं: पायरी.

साडेअकराला रंगीत तालीम. घड्याळ माझ्या हातात.
शौकतनं मशिदीच्या कर्ण्यावरून दोनदा सांगितलं,
आधी मराठीत,
मग “नीरु बंतु, नीरु बंतु”, हसू दाबत,
कारण नदीत तेव्हा कोंबडीही बुडाली नसती.
ट्रॅक्टर निघाला.
यादीत पहिलं नाव: तायव्वा सिद्धाप्पा कांबळे,
वय एकोणऐंशी,
शेरा: उचलून न्यावे लागेल.

खालच्या गल्लीच्या टोकाला ट्रॅक्टर थांबला.
दाराला कुलूप. कुलपाला गंज.
कोणी उतरलं नाही, हाक मारली नाही.
भूपाल चौगुल्यांनी टोपी काढली,
परत घातली.
इंजिन तसंच धडधडत.
एक मिनिट चार सेकंद.
मग पुढं.

बाई कुठायत?
“एकोणीसच्या पुरात ऱ्हायल्या.”
राहिल्या म्हणजे?
“ऱ्हायल्या म्हंजे ऱ्हायल्या, मॅडम.
तवा यादी न्हवती. ज्येनं त्येनं आपापलं दार बघितलं.”

मग नाव काढत का नाही, उशीर होतोय,
असं मी विचारलं. विचारणं माझं कामच होतं.
“काढलं की मागल्या साली,” सुगंधाताई म्हणाल्या,
“तरी गाडी थितंच थांबली.
डायवर म्हणाला, मी न्हाई बा दाबला ब्रेक.
मग परत घातलं नाव.”

ठरलेला वेळ: वीस मिनिटे.
लागलेला: एकवीस.
विलंबाचे कारण:
रस्ता. वाहन. इंधन. समन्वयाचा अभाव.
चारही पर्याय मी दोनदा वाचले,
तायव्वाबाई कशातच बसेनात.
रिकामं सोडून पुढं सरकवलं
तर लाल अक्षरं आली:
हा रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

मी तिथंच.
मघापासून कोणीतरी दारात उभं होतं,
एका हातात वांग्यांची पिशवी, दुसऱ्या हातात किल्ली.
“वाजवून दावू का भोंगा?” मलगोंडानं विचारलं.
दाव म्हटलं.
आधी नुसता खरखरला. मग असा ओरडला
की वासराला अठरा फूट कमी पडले,
आणि खालच्या गल्लीतली कुत्री
एकामागून एक वर पळत आली.
भोंगा चालतो का?
हौदु.